ढावलो आणि गिटारच्या जास्तीच्या फेऱ्या

आमच्या बॅण्डचा शेवटचा अल्बम मागच्या उन्हाळ्यात रेकॉर्ड झाला. बॅण्ड म्हटलं की आमच्याकडं लोकांना लाल कोट आणि वरात आठवते. म्हणून आधीच सांगते, आम्ही वरातीवाले नव्हे. आमच्यात गिटार होती, हलगी होती, पेटी होती आणि मी होते. तांड्यातली, खेड्यापाड्यातली गाणी उचलायची, त्यांत गिटार घालायची, मधेच ताल बदलायचा आणि पाच मिनिटांचं गाणं अर्धा तास ओढायचं, असं आमचं काम. गिटारवाला याला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणायचा. माझी आई याला गाण्याचे हाल म्हणायची.

बॅण्ड सुरू झाला तेव्हाची मी म्हणजे एक प्रकरणच होतं. हिंगोलीला कॉलेजात जाणारी आमच्या बंजारा तांड्यातली एकटी पोरगी. त्यामुळं मराठवाडा माझ्याच गाण्याची वाट बघत बसलाय अशी माझी पक्की समजूत. पहिल्या कॅसेटच्या फोटोसाठी मी आईची ट्रंक उघडली आणि जे जे चमकत होतं ते सगळं अंगावर चढवलं. आरशांची कांचळी म्हणजे चोळी, घेरदार फेटिया म्हणजे घागरा, केसांतून कानाजवळ लोंबणारी चांदीची घुगरी-टोपली, आणि वर गॉगल. आता घुगरी-टोपली आमच्यात लग्न झालेली बाईच घालते. तांड्यातल्या शेंबड्या पोरालाही हे माहीत. मलाही माहीत होतं, पण आरशापुढं उभं राहिल्यावर आठवायला सवड कुणाला होती? कॅसेट गावोगाव गेली आणि तांड्याचे नायक, म्हणजे आमचे पाटीलच, आमच्या दारात येऊन बापूला विचारते झाले, "जावई कोण केला? अन् आमाला जेवायला काहून बोलावलं न्हाई?"

बापूनं महिनाभर माझ्याशी बोलणं सोडलं. मी मात्र खूश. फोटो चांगला आला होता ना.

गिटारवाला शिरड शहापूरचा, शेतकऱ्याच्या घरचा. गिटार त्यानं हैदराबादहून आणलेली, जुनी, बाजूला चीर गेलेली. हलगीवाला जवळा बाजारकडचा. पोरीनं परक्या पोरांबरोबर गायचं म्हणजे काय, यावर आईनं एक अट घातली होती: सगळ्यांना राखी बांध, मग काय बोंबलायचं ते बोंबल. मी बांधली. तेव्हापासून गिटारवाला माझा भाऊ आणि हलगीवाला माझा दादा. पेटीवाल्यालाही बांधली होती. तो गेला. आता आम्ही तिघं.

पेटीवाल्याचं सगळं उरकल्यावर भावानंच विषय काढला. त्याच्या ओट्यावर बसलो होतो.

"एक अल्बम करू," तो म्हणाला. "जुनीच गानी. पण हळू. तवा आपण जे बोंबललो, ते आता बोलून बघू."

"कोण ऐकंल?" दादानं विचारलं.

"आपण ऐकू की. तवा कुठं ऐकलं होतं? तवा आपण एकमेकाच्या वरून वाजवत होतो."

मला ते पटलं. आणि शेवटचं गाणं ढावलो असणार हेही तिथंच ठरलं, कारण पहिल्या कॅसेटमध्येही तेच शेवटी होतं.

ढावलो म्हणजे आमच्यातलं नवरीचं रडणं. पण नुसतं रडणं नव्हे, सुरात रडणं. सासरी निघालेली पोरगी डोक्यावरून ओढणी घेते आणि एकेकाच्या गळ्याला, खांद्याला धरून गाते. आधी आईला, मग भावाला, मग मैत्रिणींना. शब्द अर्धे जुने, अर्धे ज्याला धरलंय त्याच्यापुरते. मी मात्र स्टेजवर ढावलो कशी गायचे माहीत आहे? मूठ वर करून, मान मागं टाकून, जणू तहसील कचेरीवर मोर्चा निघालाय. टाळ्या पडायच्या. आणि माझ्या स्वतःच्या लग्नात, जेव्हा खरोखर गायची वेळ आली, तेव्हा मला ओढणीखाली हसू फुटलं. बायकांनी चिमटे काढकाढून दंड हिरवा केला. मामी म्हणाली, "रड ना गं रांडे, लोक बघून राहिले!" मी रडले नाही. हजार लोकांपुढं रडून दाखवणारी बाई मी, मांडवात फुकट काहून रडू?

असो. ती पोरगी मजेत होती. तिच्या वाटणीची काळजी मी आता करते आहे.

दिवाळीनंतर भावाच्या घरी सराव सुरू झाला. पहिलं कडवं आईचं. ते नीट झालं. मग गिटार मध्ये वाजते, मग दुसरं कडवं भावाचं. गिटार वाजली. मी तोंड उघडलं आणि आत काहीच नव्हतं. शब्द जिभेवर येऊन अडकतो तसं नव्हे. तिथं कधी काही होतं याचाच पत्ता नाही, अशी मोकळी जागा.

मी खोकले. "गळा धरला," म्हणाले.

पुढच्या खेपेला पुन्हा तिथंच. मी म्हणाले, दादाची हलगी पुढं पळते. त्याच्या पुढच्या खेपेला मी भावावर घसरले. म्हटलं, "तुझी मधली गिटार संपंचना. माणूस चहा पिऊन, कप धुऊन येईल. म्हातारपणी काय हौस सुटली तुला?"

भाऊ गिटारच्या खुंट्या पिळत म्हणाला, "असू दे. आता कुठं जायची घाई हाय."

आणि खरंच तो लांबवतच होता. जुन्या कॅसेटमध्ये मधलं वाजवणं दोन फेऱ्यांचं होतं. आता कधी चार, कधी आणखी. तेवढ्यात एखाद्या वेळी मला कडवं सापडायचं आणि मी धावत्या गाडीत चढल्यासारखी आत शिरायचे. सापडलं नाही की खोकला होताच.

लोक म्हणतील, बाई, कागदावर लिहून समोर ठेव की. पण कागद धरून गाणाऱ्या बायकांची मी उभी हयात टिंगल केलेली. आणि कागदाचा प्रश्नच नव्हता. भीती एक कडवं विसरण्याची नव्हती, सगळंच विसरत जाण्याची होती.

माझ्या आईचं असंच झालं. आधी तिची गाणी गेली. आम्हाला त्याचं काही वाटलं नाही. म्हातारी झाली, गात नाही, एवढंच. होळीला, लेंगीच्या गाण्यांच्या दिवसांत बायका तिला बोलवायला आल्या की म्हणायची, गळा धरलाय. मग भाजीत मीठ दोनदा पडू लागलं. मग तांड्याच्या वाटा गेल्या. आणि शेवटी एका सकाळी मी तिची वेणी घालत होते, तर मागं वळून मला म्हणाली, "तू कुणाची गं बाई? हात हलका हाय तुझा."

म्हणून भावाच्या घरी माझ्याच तोंडून गळा धरल्याचं ऐकलं तेव्हा मला आईचा आवाज ऐकू आला.

मी कुणाला सांगितलं नाही. घरात आम्ही तिघं. मुलगा, सून आणि मी. मुलगा शेताच्या आणि जीपच्या मागं असतो. सून मात्र चौकस आहे. चहाच्या डब्यात जिरं सापडलं तर डबा माझ्यापुढं धरून उभी राहिली.

"आई, हे काय?"

"जिऱ्याचा चहा. पोटाला बरा."

"अन् चहापत्ती जिऱ्याच्या डब्यात?"

"ती भाजीला बरी."

ती हसली. पण डबा ठेवताना तिनं माझ्याकडं जरा जास्त वेळ बघितलं.

जवळा बाजारच्या आठवडी बाजारात तर कमाल झाली. मला एक भाजी हवी होती. बारीक पानांची, वासाची. पुढ्यात जुडी होती, हातात धरता येत होती, पण नाव कुठं सापडेना. मी बोट दाखवलं. "ते दे."

भाजीवाला टवाळ. "ते म्हंजी काय, आजी?"

"तुझ्याच दुकानातलं तुला म्हाईत न्हाई व्हय?"

"मला म्हाईत हाय. तुमाला म्हाईत हाय का बघून राहिलो."

त्यानं चेष्टाच केली होती. पण मी भाव न करताच पैसे दिले. जुडी पिशवीत टाकून मी निघाले. जीपमध्ये दाटीवाटीनं बसले, गाडी औंढ्याच्या फाट्यापर्यंत आली आणि मी एकदम मोठ्यानं ओरडले, "शेपू!" शेजारचा माणूस दचकून सरकला. उतरेपर्यंत त्यानं आपली पिशवी माझ्यापासून लांब धरली होती.

तेव्हापासून मी मनातल्या मनात परीक्षा घ्यायला लागले. भांडी घासताना नातेवाइकांची नावं. दळण आणताना वाटेतल्या घरांची. सगळी आली तर वाटायचं, उगीच घाबरतेय. एक अडकलं की दिवसभर जेवण गोड लागायचं नाही. आणि रोज एकदा ते कडवं. भावाचं. कधी यायचं, कधी नाही. आणि गंमत अशी, की कधी विसरेन याचा नेम नसल्यामुळं आलेलं कडवंही मला धीर देत नव्हतं.

रेकॉर्डिंगची वेळ आली तशी माझी झोप कमी झाली. वैशाखात भावाचं सोयाबीनचं गोदाम रिकामं असतं. तिथंच करायचं ठरलं. भिंतींना गोधड्या टांगल्या, पत्र्यावर कडबा पसरला, तरी पत्रा तापून टणटण वाजायचा. नांदेडहून रेकॉर्डिंगवाली पोरगी आली. कामाची होती. आल्या आल्या तिनं पंखा बंद केला, शेजारची पिठाची गिरणी दुपारपुरती थांबवायला लावली आणि आम्हाला समजावून सांगितलं, की आता सगळे एकदम वाजवत नाहीत. प्रत्येकानं कानाला हेडफोन लावून एकेकट्यानं आपापलं वाजवायचं, मग ती जोडणार.

"म्हंजी चूक झाली तर ज्याची त्यालाच परत करावी लागंल," दादा म्हणाला. त्यानं हलगी बाहेर उन्हात तापवत ठेवली होती. "बराबर हाय. आधी एकाच्या चुकीनं समद्याला तकलीफ व्हायची."

बाकीची गाणी तशीच झाली. शेवटच्या दिवशी ढावलो राहिला. भावानं आपली गिटार आधी वाजवून ठेवली. मी गोधड्यांच्या मध्ये एकटी उभी राहिले. कानात भावाची गिटार, पण भाऊ गोदामाच्या बाहेर. पहिलं कडवं झालं. मधली गिटार सुरू झाली. फेऱ्या मोजायच्या नाहीत असं ठरवलं होतं, तरी मोजत राहिले. कडवं आलं नाही. गिटार पुढं निघून गेली आणि गाणं माझ्याशिवाय संपलं.

"काही हरकत नाही आजी, परत घेऊ," पोरगी म्हणाली.

परत घेतलं. परत तेच. तिसऱ्यांदा तर पहिलं कडवंसुद्धा डळमळलं. घाम कानाच्या मागून मानेत उतरत होता. दारातून दादा वाकून बघत होता आणि मला वाटत होतं, याला कळलं. सगळ्यांना कळलं. आता गाडी करून मला घरी सोडतील आणि उद्यापासून माझ्याशी मोठ्यानं, हळूहळू बोलतील, जसं आम्ही आईशी बोलायचो.

मी हेडफोन काढला. "मला असं न्हाई जमत," म्हणाले. "ढावलो एकटीनं म्हणायचा नसतो. कुणाला तरी धरून म्हणायचा असतो. भावाला बोलाव."

हे निमित्त होतं. पण खरंही होतं. आयुष्यभर मूठ वर करून ढावलो गाणाऱ्या बाईला हे एवढ्या उशिरा आठवावं, यावर मला तेव्हाही हसू आलं. भाऊ आला. माझ्याकडं बघून काही न विचारता खुर्चीवर बसला, गिटार मांडीवर घेतली. पोरगी म्हणाली, "मग आवाज एकमेकांत मिसळतील. नंतर वेगळे करता येणार नाहीत."

"न्हाई करायचे," भाऊ म्हणाला.

मी पदर डोक्यावरून घेतला, त्याच्या मागं उभी राहिले आणि त्याच्या डाव्या खांद्यावर हात ठेवला. खांदा हाडाळ झाला होता. गाणं सुरू झालं. आईचं कडवं झालं. मग गिटार.

फेरी संपत आली तशी हाताखाली एक हालचाल जाणवली. भावाचा खांदा किंचित वर आला, कुणाला आत घेण्यासाठी दार उघडावं तसा. मी आत गेले नाही, माझ्याकडं काहीच नव्हतं. खांदा हळूच खाली आला आणि गिटार पुन्हा पहिल्यापासून फिरायला लागली. पुन्हा फेरी संपत आली, पुन्हा खांदा वर. मी गप्प. पुन्हा खाली. पुन्हा फेरी.

तेव्हा मला कळलं. दिवाळीपासून तो लांबवत नव्हता. थांबत होता.

हौस म्हणून मी गावभर ज्याची चेष्टा केली होती, ते त्याचं माझ्यासाठी थांबणं होतं. समोर बसून ऐकताना हे कधी कळलं नसतं. खांदा धरल्याशिवाय ते कळण्याची सोयच नव्हती.

पुढच्या वेळी खांदा वर आला तेव्हा मी गायला लागले. जुनं कडवं नव्हतं ते. जुनं मला अजूनही आठवत नव्हतं. गोरमाटीत, आमच्या तांड्याच्या बोलीत, जे सुचलं ते म्हणत गेले. भाऊ, माझी काठी तुझ्या ओट्यावर राहिली तर आत घेऊन ठेव. वाट चुकून तुझ्या दारात आले तर कुठं चाललीस असं विचारू नको, बस म्हण. तुझं नाव मी विसरले तर रागावू नको. माझं नाव तू मला सांग.

गातानाच आवाज फुटला. लग्नात चिमटे काढूनही जे आलं नव्हतं ते तिथं सोयाबीनच्या गोदामात आलं, आणि तेही मामी नसताना.

संपल्यावर मी पदरानं तोंड पुसलं. मग दादा दारातून म्हणाला, "हे कडवं कॅसेटात न्हवतं."

"न्हवतं," मी म्हणाले.

पोरीनं मान वर केली. तिचे डोळे ओले होते, पण काम काम असतं. "आजी, मधलं ते जास्तीचं वाजवणं कापू का? फार लांब वाटतं."

"न्हाई," मी आणि भाऊ एकदमच बोललो.

गिरणी पुन्हा सुरू झाली. दादा हलगी पिशवीत घालून निघून गेला. आम्ही दोघं ओट्यावर चहा घेऊन बसलो.

"कवापासून म्हाईत हाय तुला?" मी विचारलं.

"पहिल्याच दिवसापासून. तुला खोकला कवा होता? बिडी ओढणाऱ्या आपल्या पेटीवाल्याला व्हायचा तो. तू उगंच खोकायची."

"बोल्ला काहून न्हाईस?"

"बोलून काय? तू घरी बसली असतीस." त्यानं बशीतला चहा संपवला. "पण आता घरी सांग. मला फेऱ्या देता येतात. दवाखान्याचं सुनेला बघू दे."

"सांगते," मी म्हणाले.

सांगितलं नाही. आज सांगते, उद्या सांगते करत पाऊस लागला, पेरणी झाली, सोयाबीन गुडघ्याला आलं. रोज सकाळी उठले की आधी स्वतःचं नाव, मग मुलाचं, मग सुनेचं म्हणून बघायचे. तिघंही जागेवर असले की म्हणायचे, आजचा दिवस राहू दे.

मग अल्बम आला. आता अल्बम हातात धरायची वस्तू राहिली नाही, फोनमध्ये येतो. म्हणजे गॉगल घालून फोटो काढायचीही सोय गेली. नावाखाली आमच्या तिघांच्या चपलांचं चित्र आहे, गोदामाच्या दारातलं. त्यात माझ्या जोडीतली एक चप्पल माझी आहे आणि दुसरी मी चुकून घातलेली, दादाच्या बायकोची. हे मला चित्र बघून कळलं. त्यावरही मी आधी हसले आणि मग कितीतरी वेळ तो फोन खाली ठेवला नाही.

सुनेनं दुपारी भाकरी करता करता तो लावला. मी शेंगा फोडत बसले होते. एकेक गाणं झालं. ढावलो आला. आईचं कडवं झालं आणि मधली गिटार सुरू झाली. एक फेरी झाली. मग दुसरी. सून भाकरी थापता थापता थांबली.

"आई, हे अडकलंय का? नुसतंच वाजून राहिलं."

"अडकलं न्हाई."

"मग तुमी गाऊन काहून न्हाई राहिल्या?"

मी शेंगांचं सूप बाजूला सरकवलं. "इकडं ये. जरा बस माझ्याजवळ," म्हणाले. "मला नांदेडला दवाखान्यात न्यायचं हाय तुला. काहून, ते सांगते."

तिनं तव्यावरची भाकरी काढली, गॅस बंद केला आणि पिठाच्या हातानंच माझ्याजवळ येऊन बसली. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. फोनवर गिटार फिरत होती. मी अजून आत आले नव्हते.